पंचाचा हात वर होईपर्यंत

मी स्ट्रेचर बोलतोय. दोन दांड्या, मधे जाड कापड, चार मुठी आणि तीन पट्टे, एवढाच माझा संसार. फुटबॉलच्या मैदानावर सगळ्यांचे डोळे चेंडूकडे असतात. माझ्याकडे कुणी बघायला लागलं, तर समजावं की काहीतरी बिघडलंय.

मला शिवलं एका बाईनं. तिच्या कारखान्यात तंबू शिवायचे, आणि मधूनच मागणी आली की आम्ही. काम झाल्यावर ती स्वतः माझ्यावर आडवी झाली आणि दोघांनी आम्हाला उचलून बघितलं. "शिवण धरतेय," ती म्हणाली. मग हसली, "उतरवा आता, नाहीतर मला सवय लागायची."

पुढे हसत उठणारे मला पुष्कळ भेटले.

मोठ्या मैदानावरच्या प्रथमोपचाराच्या खोलीत माझी रवानगी झाली. मला उचलणारे दोघं होते. पुढच्या मुठी मामांच्या. त्यांचा अर्धा जन्म इस्पितळात पेशंट उचलण्यात गेलेला. मागच्या मुठी त्यांच्या जावयाच्या. त्याला तिथं मामांनीच चिकटवलं होतं, म्हणून सगळे त्याला 'जावईबापू' म्हणून चिडवायचे. "सासरा पुढे न् जावई मागे, अशी वरात कुठं बघितली नव्हती बुवा," असं फाटकावरचा तिकीट तपासनीस म्हणायचा. जावई नुसता हसायचा. त्याची बायको पोटुशी होती आणि ही नोकरी टिकायला हवी होती.

खेळाडूंची एक खोड मला लवकर कळली. आघाडीवर असलेल्या संघाचा गडी पडला, की बहुधा वेळ काढायला पडतो. गुडघा धरून असा काही विव्हळतो की बघणाऱ्याला वाटावं, पाय मोडलाच. आम्ही धावत जायचं, उचलून रेषेबाहेर आणायचं. तिथं आला की हा पठ्ठ्या टुणकन उडी मारून उभा! मामा चिडायचे. म्हणायचे, "इस्पितळात माणसं मरताना बघितली, पण एवढं कण्हताना कुणी दिसलं नाही."

मग आमच्या मैदानावर देशोदेशींच्या संघांची स्पर्धा आली. भिंतींना रंग लागला, मला नवे पट्टे मिळाले. कोट घातलेल्या एका साहेबांनी सगळ्यांना उभं करून बजावलं, "पंचाचा हात वर झाल्याशिवाय गवताला पाय लावायचा नाही. सगळं जग बघत असणार आहे. ज्याचा पाय पडेल, त्याची नोकरी गेली म्हणून समजा."

उपांत्य सामना आमच्या देशाचा आणि शेजारच्या देशाचा होता. भाषा तीच, दोन-चार शब्दांचा फरक, आणि म्हणूनच वैर जुनं. पाहुण्यांनी आधी गोल केला. त्यांच्या डावीकडचा बचावपटू, एक लांबलचक पोरगा, त्यानंतर एकदा पडला. आम्ही त्याला बाहेर आणला. तो उठला, मामांकडे बघून त्यानं डोळा मारला आणि परत आत पळाला. प्रेक्षकांनी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली.

काही वेळानं तो पुन्हा पडला. चेंडू दुसऱ्या टोकाला होता. त्याच्या आसपास कुणी नव्हतं. तो तोंडावर पडला आणि तसाच राहिला.

जावई ताडकन उठला. "मामा, चला."

"बस खाली."

"अहो, तो हलत नाहीये."

"मघाशी तरी कुठं हलत होता? नाटक्या आहे तो." मामांनी त्याची बाही धरली. "हात वर होऊ दे. घरी पोरगी आहे माझी, विसरू नकोस."

जावई बसला. प्रेक्षक हसत होते, शिट्ट्या मारत होते. खेळ चालूच होता. शेवटी चेंडू बाहेर गेला, तेव्हा आमचा कर्णधार तरातरा त्याच्याकडे गेला. "ऊठ रे, पुरे झालं," म्हणत त्यानं त्याचा दंड धरून ओढला आणि सोडला. दंड तसाच गवतावर आपटला. कर्णधार दोन पावलं मागं सरला आणि दोन्ही हात हलवून ओरडायला लागला. तेव्हा कुठं पंचाचा हात वर झाला.

मामा त्या दिवशी जसे पळाले, तसे कधी पळाले नव्हते. पण पोराला माझ्यावर घेतलं आणि मला कळलं. नाटक करणारा अंग आवरून धरतो. हा माझ्या कापडात चिखलासारखा बसला.

लोकांना काय ठाऊक! वरून कागदी पेले आले, शिव्या आल्या. पाण्याची एक भरलेली बाटली जावयाच्या कानशिलावर बसली. त्यानं मूठ सोडली नाही.

प्रेक्षकांच्या सज्जाखालून आत जाणाऱ्या बोगद्यात मैदानावरच्या डॉक्टरीणबाईंनी मला जमिनीवर ठेवायला लावलं आणि त्याची छाती दाबायला घेतली. वर खेळ पुन्हा सुरू झाला होता. बाई दाबत होत्या, मोजत होत्या, पुन्हा दाबत होत्या. मग वर अशी गर्जना झाली की छताची धूळ माझ्यावर पडली. आपल्या लोकांनी बरोबरी साधली होती. त्या गर्जनेतच बाईंचे हात थांबले. त्या काहीतरी म्हणाल्या, पण कुणाला ऐकू आलं नाही.

त्या पोराचा थोरला भाऊ प्रेक्षकांतून खाली आला. चेहऱ्यावर संघाचे रंग फासलेले होते, ते पुसायचं त्याला सुचलं नव्हतं. बराच वेळ तो माझ्याशेजारी उकिडवा बसून होता. मग उठून त्यानं मामांचे हात धरले.

"तुम्हीच उचललंत ना त्याला? मी वरून बघितलं. जीव तोडून पळालात. उपकार झाले तुमचे."

मामांना हात सोडवून घेता येईना. "पळालो, पण उशिरा पळालो," ते म्हणाले. "हा माझा जावई लगेच उठला होता. मीच बाही धरून बसवला. मला वाटलं, नाटक आहे."

"आम्ही थांबलो," जावई मधेच म्हणाला. कानशिलावरून रक्त उतरलेलं. "दोघंही थांबलो."

मला वाटलं, आता हा माणूस हात उगारणार. त्यानं मामांचे हात हळूच खाली सोडले.

"मलाही तेच वाटलं," तो म्हणाला. "मी वर बसून हसत होतो. शेजारच्याला म्हणालो, बघ आमचा धाकटा कसा वेळ खातोय."



तो सामना आम्ही जिंकलो. बाहेर ढोल वाजले, फटाके उडाले. चौकशी झाली आणि सगळं नियमाप्रमाणे झालं असं ठरलं. कुणाचीही नोकरी गेली नाही. मामांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून मैदानाचं तोंड पाहिलं नाही. पुढे जावयाला मुलगी झाली. प्रथमोपचाराच्या खोलीत बर्फीचा पुडा फोडताना तो कुणाला तरी सांगत होता, "मामा नातीला घेतच नाहीत. लांबून बघतात. म्हणतात, माझ्या हातांत नका देऊ."

आता मैदानावर जखमींना न्यायला छोटी मोटार आली आहे. मी अडगळीच्या खोलीत असतो. मोडक्या खुर्च्या बाहेर टाकायच्या असल्या की माझी आठवण होते. एका बाजूची शिवण उसवली आहे, थोड्या दिवसांत मीही त्या खुर्च्यांच्या ढिगावर जाईन.

त्याआधी तुमच्यापाशी एक मागणं आहे. कुणी पडलेलं दिसलं तर आधी जा. कुणाचा हात वर होतोय याची वाट बघू नका. गेल्यावर तो डोळा मारून उठला, तर खुशाल दोन शिव्या हासडा आणि परत या. फसल्याची लाज माणूस संध्याकाळपर्यंत विसरतो. मामा अजून काही विसरलेले नाहीत.