सहलीचा शेवटचा थांबा

"आई, खिडकी लावा! पुलापर्यंत आलेत सगळे," जावईबापूंनी बाहेरून हाक दिली आणि तसेच पुढे पळाले.

धुतलेलं फडकं हातातच राहिलं. मी खिडकी ओढली, कडी घातली आणि खाटेवर बसले.

जावईबापू पाहुण्यांना गाव दाखवतात. घड्याळाचा मनोरा, नदीवरचा पूल, बंद पडलेली पाणचक्की आणि शेवटी आमची खिडकी.

"इथला नावाडी महापुरात लोकांना पार करता करता बुडाला," खिडकीबाहेर त्यांचा आवाज चढला. "त्याची बायको ह्या खिडकीत कंदील घेऊन वाट बघायची. वाट बघता बघताच तिचा जीव गेला."

कुणीतरी चुकचुकलं.

हे पुरात बुडाले नव्हते. माणसं उतरवून घरी आले, चिखलाच्या पायांनी थेट चुलीपर्यंत, आणि मी आधी त्यावरूनच बोलले. पुढे पूल झाला, नाव काठावर उपडी पडली. मग हे पुलावरच्या गाड्यांना शिव्या घालत बसायचे. खोकल्याने ह्याच खाटेवर गेले. शेवटी म्हणाले, "खिडकी उघड गं. पाणी दिसू दे."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जावईबापूंना म्हटलं होतं, "अहो, मी अजून जेवतेय की दोन वेळा!"

"आई, खोकल्याने गेलेला नावाडी बघायला कोण येणार?"

लेक भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. "चक्की बंद पडल्यापासून ह्यांना दुसरं काम मिळालंय का कुठं? थोडा वेळ तर बसायचंय तुला आत."

तेव्हा थोडाच वेळ होता. आता माणसं सकाळ-संध्याकाळ येतात.

आज पावलं पांगली, तरी एक बाई मागे राहिली. आवाजावरून माझ्याच वयाची. तिने खिडकीच्या फळीवर हात ठेवलेला मला कळला.

"फार सोसलंस गं बाई," ती हळूच म्हणाली. "माझाही असाच गेला. सांगून गेला नाही."

माझा हात कडीवर गेला. आत ये, बस, चहा टाकते, एवढंच म्हणायचं होतं.

"आजी, चला, बस थांबलीय," जावईबापू म्हणाले.

नेमका खोकला उसळला. कडी सोडून मी उशी घेतली आणि तोंडावर दाबून धरली. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज फुटू दिला नाही.

सगळं शांत झाल्यावर लेक फुलं घेऊन आत आली. "तुझ्यासाठी ठेवून गेल्यात त्या," म्हणत हसायला लागली. माझ्याकडे बघितल्यावर थांबली. ह्यांच्या पेल्यात पाणी घालून तिने फुलं ठेवली.

"उघडू खिडकी?"

मीच उठून उघडली. बाहेर अंधार पडला होता. पाणी नुसतं ऐकू येत होतं.