सातव्या वळणावरचा मार्शल

दुकानात शिरण्याआधीच धाकट्याने ताईला बजावलं, "रंग बघून बग्गी घ्यायची नाही हं. आपण पडदे घ्यायला नाही आलोय."

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. रिमोटवर पळणाऱ्या छोट्या बग्ग्यांचं वेड तिला धाकट्यापायीच लागलं होतं. तो मातीच्या ट्रॅकवर बग्गी पळवायचा, ती कठड्याला टेकून बघायची. एका जेवणाला ती म्हणाली, "या खेपेला मीही उतरते." तर सगळ्यांदेखत तो म्हणाला, "पहिल्याच दिवशी फायनलला पोचलीस तर वर्षभर तुझी बग्गी मी धुईन." सगळे हसले. आईसुद्धा हसली. ते मात्र ताईच्या जिव्हारी लागलं. आता फायनल गाठायचीच.

"पहिली बग्गी मागची दोनच चाकं ओढणारी घ्या," दुकानदार काका म्हणाले. "चारही चाकं ओढणारी चुका पोटात घालते, मग हात शिकत नाही. आणि सुटे भाग माझ्याकडे मिळतील अशीच घ्या. मोडणार तर आहेच."

धाकटा नव्या खोक्यांपाशी रेंगाळला. ताईची नजर कोपऱ्यातल्या एका जुन्या, राखाडी बग्गीवर गेली. काच धरावी तशी तिने ती उजेडात तिरकी धरली. खालची प्लेट ओरखड्यांनी भरलेली. टपावर आणि मागच्या पंखावर मात्र एक चरा नाही.

"ही कधी उलटलेलीच नाही," ती म्हणाली.

"न उलटणारी बग्गी आणि न रडणारं बाळ अजून जन्माला यायचंय," धाकटा म्हणाला. "टप बदलला असेल."

"टप जुनाच आहे. दोन्ही कडा बोटांनी घासून गुळगुळीत झाल्यात बघ. कुणीतरी पुष्कळ वेळा उचललीय. अगदी हलक्या हाताने."

काकांनी चष्मा काढून पुसला. "एका मार्शलची होती. स्वतःची कमीच पळवायचा बिचारा. लोकांच्या उचलण्यातच जन्म गेला त्याचा. तो गेल्यावर घरच्यांनी आणून दिली."

ताईने तीच घेतली.

आता हे मार्शलचं प्रकरण काय, ते ऐका. शर्यतीत बग्गी उलटली तरी रिमोट घेऊन मचाणावर उभा असलेला चालवणारा खाली उतरत नाही. वळणावर उभा असलेला मार्शल धावत जाऊन ती सरळ करतो. आणि हा मार्शल कोण? नुकताच स्वतःची शर्यत संपवून आलेला गडी. तुझी दुसऱ्याने उचलली ना, मग आता तू तिसऱ्याची उचल. शेवटची गाडी थांबेपर्यंत जागा सोडायची नाही. सोडलीस, तर तुझा निकाल बाद. एवढा साधा धर्म, पण त्यावरच सगळा खेळ उभा.

रविवारी ताई मचाणावर चढली. बग्गी शहाण्या वासरासारखी पळत होती. सातवं वळण दूर, मातीच्या उंचवट्यापलीकडे. माणसं कमी पडायची म्हणून तिथे मार्शल नसायचा. तिथे उलटला तो संपला. ताईची बग्गी उंचवट्यावरून उडाली, हवेत पालथी झाली आणि पलीकडे दिसेनाशी झाली.

"आटोपलं," मागून धाकटा म्हणाला.

तेवढ्यात बग्गी पलीकडून बाहेर आली. चारही चाकांवर. पुढच्या फेरीत पुन्हा तेच झालं. ताईला फायनलमध्ये जागा मिळाली.

खाली उतरताच रेसप्रमुख बाईंनी तिला गाठलं. "सातव्यावर तुमचं कोण उभं होतं?"

"कोणीच नाही."

"पालथी गाडी आपण होऊन सरळ होत नाही हो. बाहेरचा माणूस ट्रॅकवर चालत नाही इथे. आता तुमची मार्शलची पाळी आहे ना? सातव्यावरच उभ्या राहा. बघू दे मला, तिकडे कोण फिरकतं ते."

ताई गेली. उंचवट्यामागे आवाजही दबके होत होते. बग्गी पालथी घासत गेल्याची खूण ओल्या मातीत स्पष्ट होती. आजूबाजूला एकाही बुटाचा ठसा नव्हता.

शर्यत झाली. एकही गाडी इथे उलटली नाही. झेंडा पडला, मोटारी एकेक करून गप्प झाल्या. ताई निघायला वळली.

आणि सहाव्या वळणाकडून एका मोटारीचा आवाज आला.

वाट रिकामी होती. नुसती मातीची दोन बारीक कारंजी पुढे सरकत होती. ती उंचवट्यावर चढली, थांबली. धप्प झालं. मग ताईच्या पायांशीच उलट्या गाडीची चाकं हवेत फिरावीत तसा तो केविलवाणा सूर सुरू झाला. डोक्याने काही ठरवायच्या आत ताईचे हात खाली गेले. हातात वजन आलं. टायर कोमट होते. तिने ते सरळ करून वाटेवर ठेवलं, तसा आवाज पुढे निघून गेला.

मग निघायला वळलेली ती तिथेच थांबली. कारण त्यामागे दुसरा आवाज येत होता, आणि त्याच्यामागे आणखी कितीतरी.

लाऊडस्पीकरवर फायनलची हाक झाली. धाकटा बग्गी आणि रिमोट काखेत मारून धावत आला. "बहिरी झालीस का? तुझा नंबर पुकारतायत."

"इथली शर्यत संपली नाहीये."

"कसली शर्यत? सगळे चहा पितायत तिकडे."

ताई वाकली होती. तिच्या दोन तळव्यांमध्ये काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसलेल्यातून ओली माती थेंबाथेंबाने गळत होती. धाकट्याने ते पाहिलं. त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"ताई, खाली ठेव ते. चल. फायनल जाईल तुझी."

"माझी कुणी उचलली रे? दोनदा?"

धाकट्याने काखेतल्या राखाडी बग्गीकडे पाहिलं.

"तो मार्शल एकटाच आहे इथे," ताई म्हणाली. "त्याची पाळी बदलायला कधी कुणी आलंच नाही."

शेवटची हाक झाली. मग थोडी खरखर, आणि ताईचा नंबर बाद केल्याचं रेसप्रमुख बाईंनी जाहीर केलं. ताईने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि पाय रोवून उभी राहिली. धाकटा तिथून हलला नाही. त्यालाही आता ऐकू येत होतं. त्याने बग्गी बाजूला ठेवली, बाह्या सरसावल्या आणि विचारलं, "मी कोणत्या बाजूला उभा राहू?"