तरंगबाबांचा हौद

भंगार गाड्यांच्या आवारात सकाळपासून नुसती झुंबड उडाली होती. अपघातात आपलं माणूस गमावलेला जो तो त्या गाडीच्या प्लॅस्टिकचे तुकडे पोत्यात भरून रांगेत उभा. पुढे पाण्याचा हौद आणि हौदाशी शुभ्र कपड्यांतले, लांब दाढीचे तरंगबाबा. पोत्यातून प्लॅस्टिकचा एक तुकडा काढून ते पाण्यात सोडत. तरंगला तर आत्मा सुटला. बुडाला तर अडकला. अडकलेल्याला सोडवायचं, तर तो तुकडा जाळायचा आणि घरच्यांनी धूर छातीत भरून घ्यायचा. देणगी अर्थातच आधी. आत्म्यांना उधारी चालत नसावी!

रांगेत एक म्हातारी खोकत होती. तिला धरून उभी असलेली लेक शाळेत विज्ञान शिकवायची. धाकटा भाऊ गाडीच्या अपघातात गेला, तेव्हापासून आई दर आठवड्याला इथे येऊन धूर घेत होती. "फुप्फुसं कामातून चालली आहेत, धूर बंद करा," असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. पण आई ऐकेल तर शपथ. आज लेक हट्टाने सोबत आली होती.

"पोरगा अजून गाडीतच बसलाय, आजी," बाबा डोळे मिटून म्हणाले. "दार उघडा म्हणतोय."

त्यांनी पोत्यात हात घातला, जरा चाचपडून मागच्या लाल दिव्याचा तुकडा काढला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. तो सरळ तळाला गेला. आईच्या डोळ्यांना धार लागली.

"आता मी टाकते," लेक म्हणाली आणि त्याच पोत्यातला बंपरचा तुकडा तिने पाण्यात टाकला. तो मजेत तरंगू लागला.

"सुटला!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"अश्रद्ध हाताला पाणी कौल देत नाही," बाबा गुरगुरले.

लेकीने आईच्या पिशवीतली पाण्याची बाटली रिकामी केली, पिशवीतल्याच कात्रीने तिचा तुकडा कापला आणि तो तुकडा व झाकण दोन्ही हौदात टाकलं. झाकण वर राहिलं, तुकडा बुडाला.

"एकाच बाटलीचे दोन भाग. आता सांगा बाबा, या बाटलीत कोण मेलं होतं?"

बाबा देणगीच्या पेटीकडे सरकले.

"बंपरचं प्लॅस्टिक पाण्याहून हलकं असतं, दिव्याचं जड. म्हणून तर तुम्ही चाचपडून दिव्याचाच तुकडा काढलात. हे मला तुम्हीच शिकवलंत," लेकीचा आवाज चढला. "गेल्या वर्षी पलीकडच्या कारखान्यात मी वर्ग घेऊन आले होते. जुन्या गाड्यांचं प्लॅस्टिक तिथे असंच पाण्यात वेगळं करतात आणि वितळवून नव्या गाडीचे भाग बनवतात. नव्या प्लॅस्टिकला लागणारं खनिज तेल वाचतं, कचरा जमिनीत जात नाही, जाळावंही लागत नाही. तिथल्या हौदाशी कामाला होतात तुम्ही, आणि तुम्हीच म्हणालात, 'यात जादूबिदू काही नाही, पोरांनो.' तेव्हा फक्त ही दाढी नव्हती!"

बाबांनी देणगीची पेटी उचलली आणि वाट धरली. लोकांना राग यायला हवा होता. आला दोघाचौघांना. बाकीचे पोती सावरत त्यांच्या मागे धावले, "बाबा, आमचा तेवढा तुकडा बघून जा!"

आई हौदाच्या काठावर बसली. "मग तो कुठे आहे गं?"

"कुठेच नाही, आई. तो गेला."

"आणि मी एवढे दिवस छातीत भरून घेतलं, ते काय होतं?"

लेकीला खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. "गाडीचा दिवा," ती म्हणाली.

आई काही बोलणार, तोच खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही.

जुना बंपर वितळवून नवा करता येतो. म्हातारीची फुप्फुसं नव्याने घडवणारा कारखाना अजून निघालेला नाही. आपलं माणूस गेलं तर पोटभर रडा, त्यात लाज नाही. पण दुःखाच्या भरात कोणी चमत्कार समोर धरला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: तुकडा मला निवडू देता का?