एकोणीस मिलिमीटर

बाईंनी चार वह्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि सोमवारच्या ओळीवरून बोट फिरवलं. एक्केचाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस. चौथ्या वहीत एकोणीस.

खिडकीच्या कट्ट्यावर काचेची बरणी होती, बरणीत लिंबाची पानं आणि पानांवर वर्गाची अळी. चार गटांनी रोज तिची लांबी मोजायची, मिलिमीटरमध्ये लिहायची आणि शनिवारच्या प्रदर्शनात तिचा आलेख मांडायचा, असं ठरलं होतं. चौथ्या गटाची वही सांभाळणारी मुलगी टेबलासमोर उभी होती. जिथे तिथे हुज्जत घालते म्हणून वर्ग तिला ‘वकिलीण’ म्हणायचा. मनातल्या मनात बाईही तेच म्हणत.

“हे काय?”

“अळीची लांबी.”

“शुक्रवारी एकोणचाळीस होती. काय, धुतल्यावर आटली?”

मुलगी हसली नाही. “मोजली तेवढी लिहिली, बाई.”

प्रदर्शनात बोलायला बाईंनी गेल्या आठवड्यात दुसऱ्या गटातली मुलगी निवडली होती, तेव्हा ही दिवसभर तोंड फुगवून बसली होती. आता सगळं जुळत होतं.

“आलेख बिघडवायचा होता ना? खरं सांग, विषय इथेच संपेल. नाहीतर प्रदर्शनाच्या यादीतून तुझं नाव जाईल.”

मुलीचे कान लाल झाले.

“मग नाव काढा, बाई. पण आकडा खोडू नका.”

ती गेली. बाईंनी यादी पुढे ओढली आणि तिच्या नावावर रेघ मारली. मग एकोणीसच्या जागी लाल शाईने खरा आकडा लिहायचा म्हणून पट्टी घेऊन बरणीपाशी गेल्या.

शुक्रवारी बरणीत बोटाएवढी हिरवीगार अळी होती. आता पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी तपकिरी-पांढरं चिकटलं होतं. बाईंनी काडीने डिवचलं. ते हललं.

व्हरांड्यात झाडू मारणाऱ्या मावशींचा हात थांबला होता.

“मावशी, बरणीला कोणी हात लावला?”

“मी कशाला लावू?”

“तुम्ही लावलात असं मी म्हटलंच नाही.”

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. पदराने हात पुसले, मग पुन्हा पुसले.

“शुक्रवारी मुंग्यांची रांग लागली होती. म्हणून भोकांचं झाकण काढून दुसरं घट्ट बसवलं. दोन दिवस ऊन खाल्लं बरणीनं. आज सकाळी बघते तर मरून पडलेली. पोरं रडतील म्हणून फाटकाजवळच्या झाडावरून दुसरी आणून ठेवली. अळी ती अळी, बाई. अख्खा वर्ग बघून गेला, कोणी ओळखलं का?”

“एकीने ओळखलं,” बाई म्हणाल्या.

त्या टेबलाशी परतल्या. म्हणजे बाकीच्या तीन गटांनी अळी मोजलीच नव्हती. शुक्रवारच्या आकड्यात दोन-तीन मिळवून मोकळे झाले होते. आजच, की रोजच? बाईंनी पानं मागे उलटली.

गेल्या गुरुवारी शाळेची पाण्याची टाकी फुटली होती. शाळा बंद होती, वर्गाला कुलूप होतं. तीन वह्यांत गुरुवारचा आकडा ठळक अक्षरात लिहिलेला होता: सदतीस. खाली लाल शाईत बाईंची सही, आणि ‘छान’.

चौथ्या वहीत लिहिलं होतं, ‘शाळा बंद. मोजली नाही.’ खाली तीच लाल शाई, तीच सही. ‘अपूर्ण. एक गुण वजा.’

बाहेर मावशींचा झाडू पुन्हा सुरू झाला. बाईंनी यादी पुन्हा पुढे ओढली.

मंगळवारी पहिल्या तासाआधी त्यांनी मुलीला बोलावलं. अळी कशी बदलली ते सांगितलं, तिचं नाव यादीत परत घातल्याचं सांगितलं.

“माझं चुकलं,” हेही सांगितलं. मुलीने मान हलवली, पण चेहरा तसाच ठेवला.

“चल, मोज,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही मोजा. मी लिहिते.”

बाईंनी चष्मा सारखा केला, अळीच्या कडेने पट्टी सरकवली आणि वाकून पाहिलं.

“वीस.”

मुलीने पेनाचं टोपण काढलं, पण लिहिलं नाही. ती पुढे आली, तशा बाई बाजूला सरकल्या. तिने पट्टीच्या शून्यावर अळीचं टोक नीट जुळवलं, अळी हलायची थांबेपर्यंत श्वास रोखून वाट पाहिली, आणि मग वहीत आकडा लिहिला.

एकवीस.