चार नंबरच्या खिडकीपुढची वाकडी पिशवी

जरा जपून बरं, पाय पडेल. खाली बघा. पायऱ्यांपासून खिडकीपर्यंत ही जी वस्तूंची ओळ लागलीय ना, बाटली, डबा, एकच चप्पल, त्यांच्यामागे एका अंगाला कललेली निळी पिशवी दिसतेय? तीच मी. माणसं चहाला गेलीत, खिडकी उघडायला तासभर आहे. तोवर बसा, माझी कहाणी ऐका.

माझा जन्म दोन जावांच्या लटक्या भांडणातून झाला. थोरलीच्या घरचा जुना निळा पडदा उतरवला होता आणि धाकटीनं तो मशीनवर घेऊन मला शिवायला काढलं. बोलण्याच्या नादात माझा एक बंद दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब झाला. थोरलीनं मला हातात धरून बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही तर तुझ्यासारखीच वाकडी निघाली."

"असू द्या, जाऊबाई. सरळ वस्तू काय, कुणीही सांभाळतं."

तेव्हापासून मी वाकडीच आहे. कुणी कितीही नीट ठेवलं तरी मी डाव्या अंगाला कलते. थोरलीनं मला उसवून नीट करायचं कितीदा मनात आणलं, पण केलं नाही. माणसाचा जीव जडतो तो बहुतेक वाकडेपणावरच.

थोरली देवाधर्माची. तिचं देवाशी बोलणं रोजचं, शेजारणीशी कुंपणावरून बोलावं तसं. कुणाची परीक्षा, कुणाचं बाळंतपण, कुणाची हरवलेली किल्ली, सगळ्यांसाठी ही काहीतरी सोडणार नाहीतर नवस बोलणार. धाकटी तिची थट्टा करायची, "देवानं तुमच्यासाठी वेगळी वही घातली असेल, जाऊबाई." थोरली हसायची. थट्टेचं तिला कधी वाईट वाटलं नाही.

दोन वर्षं मी भाजी आणली. सुखाचे दिवस होते ते. मग एका दुपारी थोरली माझ्यातली भाजी काढत होती, तेवढ्यात धाकटी आली आणि तिनं थोरलीचा हात धरून आपल्या काखेजवळ नेला.

"इथं हात लावून बघा. काही लागतं का?"

थोरलीचा हात तिथंच थांबला. "वाटाण्याएवढं लागतंय. कधीपासून आहे हे?"

"मुलांच्या परीक्षा झाल्या की दाखवू म्हटलं होतं."

"परीक्षा होऊन दीड महिना झाला, धाकटे."

बायका घरातल्या सगळ्यांचं आधी उरकतात आणि आपलं दुखणं कोपऱ्यात ठेवतात. मी पिशवी, मला काय कळतं म्हणा. पण हे मी पुष्कळदा पाहिलंय.

दुसऱ्याच दिवशी मला झटकून, उलटी करून, उन्हात वाळवलं आणि मग माझ्या पोटात एकेक करून कागद येत गेले. केसपेपर, रक्ताचा रिपोर्ट, आणि पंधरा दिवस वाट बघायला लावून आलेला गाठीचा रिपोर्ट. त्यांच्यावर थोरलीनं देवापुढचं एक फूल ठेवलं. कागदांचं वजन ते किती! पण भाजीनं कधी माझे बंद असे ताणले नव्हते.

ऑपरेशनचे डॉक्टर चांगले होते, पण फार थकलेले. बाहेर ऐंशी माणसं आणि आत ते एकटे. त्यांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि धाकटीशी सरळ बोलले. "गाठ साधी नाही. पण लवकर काढली तर बरी होईल. आधी स्कॅन लागेल, त्याशिवाय मला हात लावता येत नाही. या महिन्यात स्कॅन आणलात तर पुढच्या महिन्याच्या यादीत नाव घालतो. नाहीतर पुढची यादी तीन महिन्यांनी."

"तीन महिन्यांत गाठ किती वाढेल हो?" थोरलीनं विचारलं.

डॉक्टरांनी केसपेपर पुढे सरकवला. "स्कॅन आणा," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी थोरलीनं देवापुढे हात जोडले. मी खुंटीला होते, मला सगळं ऐकू आलं. "देवा, हिची गाठ निघेपर्यंत चहात साखर घेणार नाही. आणि दवाखान्यात एकालाही मागे टाकून पुढे जाणार नाही. दुसऱ्याची वेळ चोरून आणली तर ती हिला लाभायची नाही."

धाकटी दारात उभी होती. "साखरेचं ठीक आहे, जाऊबाई. पण ते दुसरं कलम फार जड आहे हं. आपण सरकारी दवाखान्यात जातोय."

स्कॅनची तारीख मिळते ती या चार नंबरच्या खिडकीवर. मशीन एक, ते चालवणारा एक, आणि खिडकीमागे बाई एक. दर मंगळवारी दहाच चिठ्ठ्या निघतात. अकराव्याला बाई म्हणतात, "पुढच्या मंगळवारी या." म्हणून सगळे त्यांना 'पुढच्याबाई' म्हणतात. त्यांच्या टेबलावर दुसऱ्याही एका खुर्चीचं काम पडलेलं असतं. ती खुर्ची मी रिकामीच पाहिलीय.

माणसं उजाडताच येतात. पण आजारी माणसानं तीन तास उभं कसं राहायचं? इथं बाकही नाही. म्हणून इथली एक रीत आहे. आपली वस्तू ओळीत ठेवायची आणि झाडाखाली जाऊन बसायचं. वस्तू ठेवली की जागा पक्की. तिला कुणी हात लावत नाही. इथं कुणाला कुणाचं नाव ठाऊक नसतं. हिरवी बाटलीवाले, एका चपलेच्या ताई, वीटवाले आजोबा, अशीच ओळख. माझ्यामुळे थोरलीला 'वाकड्या पिशवीच्या बाई' म्हणायला लागले. मला केवढा अभिमान वाटला! वाटायचं, बाई तिकडे बसलीय आणि मी तिच्यासाठी इथं उभी आहे.

पण आमच्या गावाहून पहिली बस येते तीच साडेसहाला. पहिल्या मंगळवारी मी चौदावी होते. दुसऱ्या मंगळवारी मशीन बंद. तिसऱ्याला पुढच्याबाईंना ताप आला होता आणि त्यांच्या जागी बसायला कुणी नव्हतं. वाटाण्याचा आवळा झाला. धाकटीची थट्टा कमी झाली.

चौथा मंगळवार हा महिन्यातला शेवटचा. बसमधून उतरल्यावर थोरली अक्षरशः धावली. मला ठेवलं आणि बोटानं पुढच्या वस्तू मोजल्या. दहा. मी अकरावी.

"एखादा आलाच नाही तर?" धाकटी म्हणाली.

"कुणाचं वाईट चिंतू नये. आलाच नाही असं नको, बरा झाला म्हणून आला नाही, असं म्हण."

दोघी झाडाखाली गेल्या. आणि मग ते घडलं. दारावर एक नवा रखवालदार आला होता. त्या दिवशी कुणी मोठे साहेब पाहणीला येणार होते. त्याला इथली रीत काय माहीत! त्याला वाटलं, रात्रभरात कचरा साठलाय. "साहेबांना हे भंगार दाखवायचं का?" असं पुटपुटत त्यानं आम्हा सगळ्यांना गोळा केलं आणि भिंतीशी ढीग घातला. मी खाली, माझ्यावर डबा, डब्यावर वीट. आयुष्यात प्रथमच मला माझी जागा राखता आली नाही.

आठला माणसं आली आणि एकच गलका उडाला.

"माझी बाटली तिसरी होती!"

"तिसरी आमची चप्पल होती. तुमची बाटली चपलेच्या मागे."

"अहो, पण चप्पल कुणाची? दोन चपला आहेत ढिगात."

"दुसरी माझ्या पायातून आत्ता निसटलीय, ती धरू नका!"

गडबडीतही माणसं हसली. रखवालदार घामाघूम झाला. "माफ करा, मला कुणी सांगितलंच नाही," म्हणत एकेक वस्तू उचलून विचारू लागला, ही कुणाच्या मागे, ही कुणाच्या पुढे. अशी ओळ पुन्हा जमत गेली. शेवटी त्यानं मला उचललं. "ही वाकडी पिशवी?"

डबावाल्या मावशी थोरलीच्या कानाशी लागल्या. "सातवी म्हणा. कुणाला आठवतंय?"

धाकटीनं थोरलीचा पदर ओढला. माझे बंद रखवालदाराच्या हातात होते आणि मी मनात म्हणत होते, म्हण ना बाई, सातवी म्हण. देवाला मी समजावेन.

"अकरावी," थोरली म्हणाली. "माझ्यापुढे दहा होते. मी मोजलेत."

"जाऊबाई!" धाकटीचा आवाज फाटला. "चार आकड्यांनी तुमच्या देवाचं काय बिघडलं असतं? आता माझ्या गाठीला सांगा तुम्हीच, तीन महिने वाढू नकोस म्हणून!"

आपण काय बोलून गेलो ते धाकटीला कळलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. थोरलीनं तिला जवळ घेतलं. दोघी रडत होत्या.

मला तेव्हा माझीच लाज वाटली. चार मंगळवार मी इथं उभी होते, पोटात तो रिपोर्ट घेऊन. बाटलीशेजारी, चपलेमागे. पण मी पडले मुकी. आमच्या ओळीला कोण आधी आलं ते कळायचं, कुणाला किती घाई आहे ते कळत नव्हतं. आणि माणसं झाडाखाली पाठीला पाठ लावून बसायची.

वीटवाले आजोबा चौथे होते. काठी टेकत ते धाकटीपाशी आले. "कसली गाठ, बाळ?"

धाकटीनं सांगितलं. यादीचं सांगितलं, तीन महिन्यांचं सांगितलं. लोक ऐकत होते. हिरवी बाटलीवाल्यांनी मान खाली घातली. त्यांच्या कडेवर तापलेलं लेकरू होतं, त्यांना मी दोष देत नाही.

"माझ्या जागी या," आजोबा म्हणाले.

थोरलीनं डोळे पुसले, हात जोडले. "नको, बाबा. तुमचे उपकार. पण माझा नवस आहे. एकालाही मागे टाकून पुढे यायचं नाही."

"अहो जाऊबाई, आता तरी..." धाकटी कळवळली.

आजोबांच्या मिशीत हसू फुटलं. "पुढे येऊ नका. तुम्ही आहात तिथंच उभ्या राहा. एक पाऊल हलवू नका." असं म्हणून ते वाकले, कण्हत वाकले, आपली अर्धी वीट उचलली, ओळीच्या कडेनं चालत आले आणि ती माझ्यामागे ठेवली. "मी मागे सरतो. त्याला काही तुमच्या नवसाची आडकाठी नाही ना?"

थोरलीनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"अहो, पण तुमचा गुडघा?" चपलेच्या ताई म्हणाल्या.

"गुडघा चार वर्षं दुखतोय. आता आम्ही दोघं एकमेकांना ओळखतो."

रखवालदारानं आपलं स्टूल आणून आजोबांना बसायला दिलं. खिडकी उघडली. दहावी चिठ्ठी माझ्या पोटात पडली, गुरुवारची. पुढच्याबाईंनी मान वर करून आजोबांकडे बघितलं. रोजचं वाक्य त्यांच्या तोंडून लगेच निघेना.

"मी म्हणतो तुमच्या वतीनं," आजोबा म्हणाले. "पुढच्या मंगळवारी या!"

बाई हसल्या, आणि पटकन खिडकी लावून घेतली. त्यांचे भरलेले डोळे फक्त मला दिसले, कारण मी खाली होते.

गुरुवारी स्कॅन झाला, शुक्रवारी यादीत नाव गेलं, आणि पुढच्या महिन्यात धाकटीची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात." वेळेत आलो नव्हतो हो आम्ही. ती वेळ एका माणसानं आपल्या पदरची काढून दिली होती.

पुढचे उपचार लांबले, धाकटीचे केस गेले, पण तिची थट्टा परत आली. "आता वाकडा भांग पडायची भीती नाही," असं म्हणाली तेव्हा थोरली हसता हसता देवघराकडे पळाली.

ती बरी होऊन घरी स्थिरावली तेव्हा तिनं स्वतः चहा केला. थोरलीच्या कपात दोन चमचे साखर घातली आणि कप पुढे केला. "घ्या, जाऊबाई. फिटला तुमचा नवस."

थोरलीनं कप हळूच परत सरकवला. "अजून वीटवाल्या आजोबांचा गुडघा राहिलाय."

"म्हणजे नवस वाढवलात?"

"वाढवला."

तपासणीला गेल्या तेव्हा दोघींनी त्यांना शोधून काढलं. पुढच्या मंगळवारी ते तेरावे होते, त्याच्या पुढच्याला मशीन बंद होतं, आणि मग गुडघा असा सुजला की त्यांना घराच्या पायऱ्या उतरवेनात. माझ्या पोटात आता त्यांचे कागद आहेत. काल दोघी जावा त्यांच्याच घरी मुक्कामाला आल्या, म्हणून आज बसची वाट बघावी लागली नाही. मी चौथी आहे. बरोबर त्यांच्या जागी. वाऱ्यानं उडू नये म्हणून माझ्यावर त्यांचीच वीट ठेवलीय.

माझा रंग उडालाय, तळाला ठिगळ आहे. फार दिवस उरले नसतील. एवढंच मागते. खिडकीला आणखी एक बाई द्या, मशीनला एक भाऊ द्या. चांगल्या माणसांनी किती दिवस आपल्या गुडघ्यावर दवाखाना चालवायचा? आणि तोवर, वस्तू ठेवून झाडाखाली बसलात, तर शेजारच्याला एकदा विचारा, काय होतंय तुम्हाला? आम्हा पिशव्यांना ते बोलता येत नाही.

त्या बघा, दोघी येतायत चहा घेऊन. थोरलीच्या कपात अजूनही साखर नाही. धाकटीनं मात्र साखरेची पुडी माझ्या पोटात लपवून ठेवलीय, आजोबांची चिठ्ठी हातात पडली की थोरलीच्या कपात घालायला. उघडेलच आता खिडकी.