लोहडीच्या आगीतली गुळपोळी

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा तवा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मला कुणाची कीव नको. सांगलीकडच्या एका कारखान्यात वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवलं. माझ्या मालकिणीच्या, सरोजच्या लग्नात तिच्या आईने मला तिच्याबरोबर पाठवलं. पुढे तिचे यजमान जयंतराव चंदीगडला, सेक्टर ३९ मधल्या सरकारी संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले आणि चादरीत गुंडाळून मीही इकडे आलो.

पहिल्याच जानेवारीत सरोजने भोगीच्या दिवशी संक्रांतीच्या गुळपोळ्या करायला घेतल्या. आदल्या दिवशी केल्या की त्या मुरतात आणि जास्त चांगल्या लागतात. गूळ इथल्या मनीमाजऱ्याच्या बाजारातला, आपल्याकडच्यापेक्षा मऊ. निम्म्या पोळ्या फुटल्या आणि गूळ माझ्यावर जळून कोळसा झाला. सरोजच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी ती दर पोळीनंतर मला फडक्याने पुसत राहिली आणि शेवटी बऱ्यापैकी चवड उतरली.

त्याच संध्याकाळी संस्थेच्या क्वार्टर्सच्या मैदानात लोहडीची, म्हणजे इकडच्या थंडीतल्या सणाची, होळी पेटली. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून सरोज डबा भरून घेऊन गेली. मैदान आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्पष्ट दिसतं. शेजारच्या हरजीत कौरनी पहिली पोळी घेतली, कपाळाला लावली आणि सरळ आगीत टाकली! इकडे लोहडीला तीळ, गूळ, रेवड्या आगीत वाहतात. त्यांना वाटलं, हीसुद्धा त्यासाठीच आणली आहे.

"अहो जी, ये खाने की है!" सरोज ओरडली.

हरजीत कौरनी जीभ चावली, दुसरी पोळी तोंडात घातली आणि हसत म्हणाल्या, "चलो जी, इक अग्ग दी, बाकी सारियां मेरियां!"

पुढच्या वर्षी लोक आपणहून विचारायला लागले, सरोज जी, वो मीठी रोटी कब बनेगी? पहिली पोळी आगीला, बाकीच्या माणसांना, असा पायंडाच पडला. चुकीतून पडला, कबूल. पण पडला, आणि मी दरवर्षी त्यासाठी तापलो. सरोजची मुलगी ज्ञानदा हे बघतच मोठी झाली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदी.

यंदा सांगलीहून सरोजच्या थोरल्या जाऊबाई लीलावती आल्या. येताना दुकानच्या गुळपोळ्यांचा खोका घेऊन आल्या. सगळी हकीकत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं सरोज, देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी त्यांच्या होळीत पोळी टाकायची? आपल्यात असं नसतं. आणि हा काळाकुट्ट तवा अजून कशाला ठेवलाय?"

त्यांनी मला उचललं आणि कबाडीवाल्यासाठी दाराबाहेर ठेवलं.  थोरल्या जावेपुढे सरोज कधी बोललीच नव्हती. मला राग आला, मित्रांनो! चांगला कामाचा तवा मी, आणि चपलांच्या शेजारी पडलो होतो.

ज्ञानदा कॉलेजातून आली, तिने मला पाहिलं आणि उचलून थेट आत आणलं.

"आई, यार, ये क्या है? आज लोहड़ी है! गुळपोळी तो पक्का बनेगी।"

"आपल्यात असं नसतं गं," लीलावती पुन्हा म्हणाल्या.

 ज्ञानदा शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "काकू, आधी नसेल. आता आहे."

सरोजने पदर खोचला आणि शेगडी पेटवली. ज्ञानदाने लाटलेली पहिली पोळी फुटली, तिच्या बोटाला चटका बसला. मी मुळीच दयामाया दाखवली नाही. शिकायचं तर असंच शिकावं लागतं. लीलावती बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा करून बसल्या होत्या.

संध्याकाळी त्याही मैदानात गेल्या. सरोजने डबा उघडला, पहिली पोळी काढली आणि सगळ्यांसमोर त्यांच्या हातावर ठेवली.

"वहिनी, घरात थोरल्या तुम्ही. पहिली पोळी तुमच्या हातची."

 मी खिडकीतून बघत होतो. मला वाटलं, आता बाई पोळी परत देणार आणि आमचा कारभार आटोपला. लीलावतींनी एकदा हातातल्या पोळीकडे, एकदा आगीकडे पाहिलं. मग त्यांनी पोळी कपाळाला लावली, आगीत टाकली आणि हात जोडले. हरजीत कौरनी त्यांना मिठीच मारली. दुकानचा खोका कुणी उघडलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याच लीलावतींनी मला तारेच्या घासणीने खसाखसा घासून पांढरं केलं. प्रेमाने केलं हो, पण इतक्या वर्षांचं मुरलेलं तेल गेलं आणि सकाळचं धिरडं मला चिकटून बसलं. तेव्हा मित्रांनो, घरच्या जुन्या तव्याला असं सोलू नका. कोमट पाण्याने धुवा, कोरडा करा, तेलाचं बोट फिरवा. माझा काळेपणा हा मळ नाही, ती माझी कमाई आहे. सरोज रोज थोडं तेल लावते आहे. मी पुन्हा काळा होणार, आणि येत्या जानेवारीत पुन्हा तापणार.