मांडवातली खाट

“सांग त्यांना, फार तर दोन आठवडे उरलेत,” डॉक्टर हाल्व्हॉर्सन म्हणाले आणि आजोबांचा हात हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत बसले.

आजोबा माझ्या नात्यातले नव्हते, तरी हे त्यांना सांगायचं मला नको होतं. सव्वीस वर्षं मी या वाळवंटी मुलखात, चिनली गावाच्या आसपास घरोघरी जाऊन शेवटच्या दुखण्यातल्या माणसांची शुश्रूषा करते. दुभाष्याचं कामही माझ्याच गळ्यात. पहिल्याच वर्षी एका बाईला मी असंच शब्दाला शब्द सांगितलं होतं, तीन महिने म्हणून. ती नवव्या दिवशी गेली. आम्ही दिने, इथले मूळचे आदिवासी लोक, असलं बोलत नाही, बोललेलं घडतं म्हणून. गेलेल्या माणसाचं नावही घेत नाही. तिचं मी घेत नाही, पण गाडी चालवताना शेजारच्या सीटवर कोणीतरी बसलंय असं मला अजून वाटतं. भीती वाटते. मी तिकडे बघत नाही.

डॉक्टर वाईट नव्हते. तिकडे मिनेसोटात त्यांच्या वडिलांनी किती दिवस उरले ते विचारून घेतलं, स्वतःची शवपेटी निवडली, चर्चमधली गाणीसुद्धा ठरवली. माणसापासून खरं लपवणं म्हणजे त्याचा अपमान, असं डॉक्टरांना मनापासून वाटे.

आजोबांची नात शांडीन चुलीपाशी उभी होती, सातव्या महिन्यातली. होगनमध्ये, म्हणजे आमच्या मातीच्या घरात, मरण आलं की ते घर कायमचं सोडावं लागतं, आणि तिला दुसरं घर नव्हतं. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं.

“आजोबा,” मी म्हणाले, “काही लोक या दिवसांत बाहेर मांडवात झोपतात म्हणे. वारा लागतो. मेंढ्या दिसतात.”

आजोबांनी छतातल्या धुराड्याकडे पाहिलं.

“डॉक्टर एवढा बोलला, आणि तू एवढंसंच सांगितलंस?”

“ते बोलतातच फार.”

ते हसले, मग खोकले. “आत उकडतंय गं, शांडीन. खाट बाहेर काढ. बूट ने, घोंगडी ने. माझं इथं काही ठेवू नकोस.”

“कळलं त्यांना?” डॉक्टरांनी विचारलं.

कळलं, म्हटलं. डॉक्टरांना काय वाटलं कोण जाणे, पण खाटेची एक बाजू त्यांनीच उचलली.

अकराव्या दिवसानंतर तिथं माझं काम उरलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या वळणावर मी गाडी हळू केली. मांडव मोडून टाकला होता. होगनच्या धुराड्यातून धूर निघत होता. तो बघायला शेजारच्या सीटवरून कोणीतरी पुढे वाकल्यासारखं वाटलं. मी तिकडे बघितलं नाही.